संगणकाची नवी कार्यप्रणाली आणि ड्रायव्हरचा शोध



यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत आज शेतकऱ्याचे, निराधाराचे आणि विद्यार्थ्याचे कोणते ना कोणते काम संगणकाच्या पडद्यावरून पुढे सरकते. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, पीक विम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीची नोंदणी या कामांसाठी पूर्वी तालुक्याच्या गावी हेलपाटे घालावे लागत. २०११ साली सुरू झालेल्या संग्राम प्रकल्पामुळे ग्रामपंचायतींत संगणक पोहोचला. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला. पुढे आपले सरकार सेवा केंद्रांनी ही सोय गावाच्या वेशीत आणली. ही वाटचाल निश्चितच समाधानाची आहे.

तथापि ज्या यंत्रांवर ही सारी व्यवस्था उभी आहे, त्यांतील एक लहानसा, डोळ्यांना न दिसणारा भाग जागेवर नसेल तर सगळे काम ठप्प होते. त्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. केंद्रातील संगणकावर नवी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम बसविली की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर गप्प बसतो, ठसे घेणारे यंत्र दिवा लावून स्वस्थ राहते आणि दाराशी माणसांची रांग वाढत जाते. यंत्र बिघडलेले नसते, वीजही गेलेली नसते. दोहोंमधला ड्रायव्हर तेवढा हरवलेला असतो. तो कसा ओळखावा, कोठे शोधावा आणि कोणत्या क्षणी शोध थांबवावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय आजच अगत्याचा का झाला, तेही सांगितले पाहिजे. विंडोज १० या कार्यप्रणालीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षेची मुदत कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठरविली. नागरिकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील ज्या संगणकावरून जातात, तो सुरक्षेविना चालविणे योग्य नव्हे. साहजिकच कार्यालये आणि केंद्रे विंडोज ११ कडे वळू लागली, आणि ड्रायव्हरचा प्रश्न पुन्हा एकदा दाराशी आला.

दुभाष्याचे काम

ड्रायव्हर या शब्दाने आपल्याकडे एस. टी. चालविणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. संगणकातील ड्रायव्हर मात्र दुभाष्यासारखा असतो. केळापूर, वणी, झरी-जामणी या तालुक्यांतील बाजारांत मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा एकाच दिवशी कानावर पडतात. तेथे एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोघांचा व्यवहार ठरवायचा तर दोन्ही भाषा येणारा तिसरा माणूस लागतो. संगणकाचेही तसेच आहे. ‘हे पान छाप’ अशी आज्ञा कार्यप्रणाली आपल्या भाषेत देते. प्रिंटरला ती कळत नाही. कोणता बिंदू काळा करावयाचा आणि कागद केव्हा ओढावयाचा, हे त्याला त्याच्याच भाषेत सांगावे लागते. हे भाषांतर ड्रायव्हर करतो.

कार्यप्रणाली बदलली म्हणजे बोलणाऱ्या एका बाजूची भाषा बदलली. प्रिंटर तोच, वायर तीच, परंतु जुन्या दुभाष्याला नवी भाषा येत नाही. कधी नव्या प्रणालीत भाषा फारशी बदललेली नसते आणि जुनाच दुभाष्या कामी येतो. कधी ती मुळापासून बदललेली असते.

दुसरी अडचण ३२ आणि ६४ बिटांची आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही शकुंतला रेल्वेची वाट अरुंद रुळांची होती, तर मूर्तिजापूरवरून जाणारा नागपूर-भुसावळ मार्ग रुंद रुळांचा. एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नव्हता. मग तो डबा कितीही भक्कम असो. ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर असाच चढत नाही. विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांची आहे. त्यामुळे जुन्या ३२ बिटांच्या संगणकासोबत आलेली ड्रायव्हरची सीडी पुष्कळदा निरुपयोगी ठरते.

मागील स्थित्यंतरांचा धडा

ही वेळ प्रथमच आलेली नाही. २००१ साली आलेली विंडोज एक्सपी कार्यालयांत दीर्घकाळ टिकली. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली, तेव्हा पडद्यावरील चित्र दाखविणाऱ्या ड्रायव्हरची रचनाच बदलण्यात आली आणि जगभर अनेक प्रिंटर, स्कॅनर व ध्वनियंत्रे काही काळ मुकी झाली. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यानंतर विंडोज ७ कडून विंडोज १० कडे जाताना त्रास तुलनेने कमी झाला, कारण व्हिस्टाच्या वेळी घातलेला पाया पुढेही बराचसा कायम राहिला.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीअखेरीस महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या आणि यादीत नाव असलेल्या शेतकऱ्याने बँकेत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन आधार प्रमाणीकरण करावे, असे ठरले. या दोन तारखा जवळ येणे हा निव्वळ योगायोग होता; परंतु त्यातून ध्यानात घेण्याजोगी गोष्ट मोठी आहे. कार्यप्रणाली केव्हा संपावी हे दूरदेशीची कंपनी ठरविते आणि योजनेची मुदत शासन ठरविते. कापसाच्या या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र दोन्हींची गाठ एकाच टेबलावर, त्याच्या अंगठ्याखाली पडते. त्या दिवशी ठशाचे यंत्र बोलले नाही तर कर्जमुक्तीचे एक पाऊल अडते आणि शेतातला एक दिवस वाया जातो. झरी-जामणीतील एखाद्या कोलाम पोडावरून आलेल्या वृद्धेच्या बाबतीत तर तो दिवसाच्या मजुरीचा आणि परतीच्या वाहनभाड्याचा प्रश्न असतो.

शोधाची पहिली पायरी: नेमकी ओळख

ड्रायव्हरच्या शोधात बहुतेक चुका होतात त्या उपकरणाची ओळख न पटविता शोधास निघाल्यामुळे. ‘प्रिंटरचा ड्रायव्हर’ असे काही नसते. अमुक कंपनीचा, अमुक मॉडेलचा, अमुक कार्यप्रणालीसाठीचा ड्रायव्हर असतो. मॉडेलच्या नावातील एखादे शेवटचे अक्षर बदलले तरी आतील यंत्रणा वेगळी असू शकते.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर नावाची खिडकी आहे. प्रारंभाच्या बटणावर उजवी कळ दाबली असता ती यादीत दिसते. तेथे संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण नोंदलेले असते. ज्याचा ड्रायव्हर नाही त्याच्यापुढे पिवळा त्रिकोण दिसतो आणि पुष्कळदा नावाच्या जागी केवळ ‘अननोन डिव्हाइस’ असे लिहिलेले असते. त्या नोंदीवर दोनदा कळ दाबली म्हणजे अडचणीचा क्रमांक मिळतो. क्रमांक २८ म्हणजे ड्रायव्हर बसविलेलाच नाही. क्रमांक १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. अशा वेळी ड्रायव्हर चुकीचा असेल, तद्वतच वायर किंवा उपकरणही सदोष असू शकेल. क्रमांक ५२ म्हणजे ड्रायव्हरवरील डिजिटल स्वाक्षरीची खातरजमा झाली नाही.

निनावी उपकरणालाही एक कायमची ओळख असते. त्याच खिडकीत ‘डिटेल्स’ या भागात ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले की अक्षरे व अंक यांची एक ओळ दिसते. यूएसबीने जोडलेल्या उपकरणाच्या बाबतीत तीत व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन तुकडे असतात. पहिला कंपनी सांगतो, दुसरा मॉडेल सांगतो. ०४ए९ दिसले तर उपकरण कॅननचे, ०३एफ० दिसले तर एचपीचे, ०४बी८ दिसले तर एप्सनचे. संगणकाच्या आत बसविलेल्या भागांसाठी व्हीआयडीऐवजी व्हेन असा शब्द येतो. तेथे ८०८६ म्हणजे इंटेल आणि १०ईसी म्हणजे रिअलटेक. वरचे नाव पुसले गेले, खोके हरवले, तरी ही ओळ खोटे बोलत नाही. ती कागदावर उतरवून घेणे ही शोधाची खरी सुरुवात होय.

संगणक नामांकित कंपनीचा असेल तर त्याच्या पाठीवरील अनुक्रमांक पुरतो. स्थानिक दुकानातून भाग जुळवून घेतलेल्या संगणकाच्या बाबतीत मदरबोर्डची कंपनी व मॉडेल पाहावे लागते. विंडोजमधील ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ या खिडकीत ते ‘बेसबोर्ड’ या शब्दापुढे लिहिलेले असते.

कोठे शोधावे, कोठे शोधू नये

पहिला शोध विंडोजमध्येच घ्यावा. विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये ‘ऑप्शनल अपडेट्स’ असा भाग असतो. अनेक ड्रायव्हर तेथे वाट पाहत असतात; पण ते आपोआप बसत नाहीत, निवडावे लागतात. तेथे काम झाले नाही तर उपकरण तयार करणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर मॉडेल, कार्यप्रणाली आणि बिट या तिन्ही गोष्टी जुळवून पाहाव्यात. तिसरे ठिकाण म्हणजे मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग. त्याच्या शोधपेटीत उपरोक्त ओळखीची ओळ तशीच घातली तरी चालते.

मिळालेला ड्रायव्हर खरोखर त्याच उपकरणाचा आहे काय, याची एक सोपी परीक्षा आहे. ड्रायव्हरच्या संचात आयएनएफ प्रकारची एक फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडता येते आणि तो ड्रायव्हर कोणकोणत्या उपकरणांसाठी आहे, त्यांच्या ओळखी तीत लिहिलेल्या असतात. कागदावर उतरविलेला क्रमांक तेथे सापडला तर ड्रायव्हर जुळतो. न सापडल्यास तो बसविण्याचा हट्ट धरू नये.

‘आपले सर्व ड्रायव्हर एका क्षणात शोधून देऊ’ असे सांगणारे अनेक कार्यक्रम आढळतात. त्यांपैकी कित्येक पैसे मागतात, काही नको असलेले कार्यक्रम सोबत आणतात आणि काही थेट हेरगिरी करतात. ड्रायव्हर हा कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरणारा कार्यक्रम असल्याने त्याच्या रूपाने आलेला चोर तिजोरीच्या खोलीतच शिरतो. ग्राहक सेवेचे क्रमांक शोधतानाही सावधगिरी हवी. खोट्या क्रमांकावर बोलणारा माणूस दुरून संगणकाचा ताबा मागतो आणि खाते रिकामे होते. अशी फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

स्वाक्षरीची अट बंद करून जुना ड्रायव्हर बळेच बसविण्याची युक्ती काही ठिकाणी सांगितली जाते. विंडोज ११ मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षणही त्यासाठी बंद करण्यास सुचविले जाते. नागरिकांची माहिती हाताळणाऱ्या संगणकावर हा मार्ग वर्ज्य मानावा. एका प्रिंटरसाठी सगळ्या गावाच्या कागदपत्रांचे दार उघडे टाकण्यासारखे ते आहे.

कामाचा क्रम

नवी कार्यप्रणाली कोऱ्या संगणकावर बसविली असता एक विचित्र पेच पडतो. इंटरनेट चालत नाही, कारण नेटवर्कचा ड्रायव्हर नाही. आणि नेटवर्कचा ड्रायव्हर आणता येत नाही, कारण इंटरनेट नाही. म्हणून नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा. तो राहून गेला असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीच्या वायरने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असल्यामुळे बहुधा काम निभावते.

त्यानंतर मदरबोर्डच्या चिपसेटचा, मग पडद्याचा, ध्वनीचा, पुढे प्रिंटर व स्कॅनरचा आणि सर्वांत शेवटी ठशांच्या यंत्राचा व डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर बसवावा. पायाभूत भाग बोलू लागल्यावाचून त्यांना जोडलेली उपकरणे नीट बोलत नाहीत. अनेक यूएसबी प्रिंटरांच्या बाबतीत वायर आधी न जोडता, सूचना पडद्यावर आल्यानंतरच जोडावयाची असते. वायर आधी जोडल्यास विंडोज त्याला भलतेच नाव देऊन मोकळी होते.

ठसे आणि स्वाक्षरी

सेवा केंद्राच्या दृष्टीने ही दोन उपकरणे सर्वांत महत्त्वाची आहेत आणि त्यांच्या बाबतीत केवळ ड्रायव्हर पुरत नाही.

आधार प्रमाणीकरणासाठी वापरावयाचे ठशांचे यंत्र नोंदणीकृत असावे लागते. त्यासाठी संगणकावर ड्रायव्हरखेरीज आरडी सर्व्हिस नावाची दुसरी सेवा चालू असावी लागते. घेतलेला ठसा सांकेतिक रूपात बंद करून पुढे पाठविणे हे तिचे काम. पुष्कळदा डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्र व्यवस्थित दिसते, पिवळा त्रिकोण नसतो, तरी संकेतस्थळ ‘यंत्र सापडले नाही’ असे म्हणते. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसविण्यात वेळ दवडू नये. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या यादीत आरडी सर्व्हिस चालू आहे काय, आणि विषाणुरोधक कार्यक्रमाने तिची वाट अडविली आहे काय, हे पाहावे. आणखी एक बाब अशी की, विशिष्ट ओळख प्राधिकरणाने जुन्या एल-शून्य पातळीची यंत्रे मागे टाकून, यंत्राच्या आतच ठसा सांकेतिक करणाऱ्या एल-एक पातळीच्या यंत्रांकडे जाण्याचे धोरण अवलंबिले आहे. यंत्र जुन्या पातळीचे असेल तर जगातील कोणताही ड्रायव्हर त्याला पुन्हा कामास लावणार नाही. ही गोष्ट प्रथमच तपासली तर शोधाचे दोन दिवस वाचतात.

आणि यंत्र सुरळीत असूनही ठसा जुळला नाही तर दोष नेहमी ड्रायव्हरचा नसतो. आयुष्यभर कापूस वेचलेल्या आणि खुरपे धरलेल्या बोटांवरील रेषा झिजतात. अशा नागरिकास दुसरे बोट, डोळ्यांच्या बुबुळाचे यंत्र किंवा मोबाइलवर येणारा संकेतांक यांपैकी जो पर्याय त्या योजनेत उपलब्ध असेल तो द्यावा. त्याला ‘मशीन घेत नाही’ एवढेच सांगून परत पाठवू नये.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन उपलब्ध झाला. त्यामागे तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, हातातील एक बोटभर लांबीचे यूएसबी टोकन आहे. त्यावरील गुप्त कळ टोकनच्या बाहेर येत नाही. कार्यप्रणाली बदलल्यावर या टोकनचा ड्रायव्हर व त्यासोबतचा कार्यक्रम पुन्हा बसवावा लागतो. बसविताना कोणत्याही टप्प्यावर ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ असा प्रश्न आला तर होकार देऊ नये; त्यामुळे टोकनवरील प्रमाणपत्र पुसले जाते आणि नवे मिळेपर्यंत फेरफाराचे काम थांबते. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा घातल्यानेही टोकन बंद पडते. म्हणून संगणक नवा केला त्या दिवशी पिन अंदाजाने घालून पाहण्याचा मोह आवरावा.

जेव्हा ड्रायव्हर निघतच नाही

काही उपकरणांसाठी नवा ड्रायव्हर कधीच निघत नाही. ज्या मॉडेलची विक्री थांबली, त्यासाठी नवे काम करण्यात कंपनीला लाभ नसतो. येथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. कार्यालयांतील जुने टकटक करणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कित्येक स्थित्यंतरांतून तगले, आणि त्यांच्या मागून आलेले काही स्वस्त लेझर प्रिंटर मात्र एकाच बदलात अडले. याचे कारण भाषेत आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बहुधा एप्सनने रूढ केलेली ईएससी/पी ही भाषा बोलतात. ती सर्वांना ठाऊक असल्याने एका मॉडेलचा ड्रायव्हर दुसऱ्यालाही पुष्कळदा चालतो, आणि काहीच नसेल तर विंडोजमधील ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ या साध्या ड्रायव्हरने अक्षरे तरी कागदावर उमटतात. उलट एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० यांसारख्या प्रिंटरांत पान रचण्याचे बरेचसे काम संगणकाकडेच सोपविलेले असते आणि त्यांची भाषा त्यांच्या कंपनीपुरती असते. दुभाष्या एकच, तो निवृत्त झाला की संवाद संपला.

मराठीच्या संगणकीय वाटचालीतही हाच अनुभव आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात देवनागरी अक्षरे पडद्यावर उमटविण्यासाठी संगणकाच्या पोटात जिस्ट कार्ड नावाची पट्टी बसवावी लागत असे. पुण्यातील सी-डॅकचे नाव या कार्याशी कायमचे जोडलेले आहे. डॉसचा काळ सरला, विंडोज आली आणि ती पट्टी इतिहासजमा झाली. परंतु त्या कामातून आकारास आलेली प्रमाणके, म्हणजे इनस्क्रिप्ट कळफलक आणि इस्की संकेत, लयास गेली नाहीत. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधाराने झाली आणि इनस्क्रिप्ट कळफलक आजही विंडोजमध्ये विनासायास मिळतो. यंत्र जाते, खासगी भाषा जाते. सर्वांनी मान्य केलेली उघडी भाषा राहते.

म्हणून नवी खरेदी करताना केवळ किंमत पाहू नये. प्रिंटर पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट किंवा आयपीपी यांसारखी सर्वमान्य भाषा बोलतो काय, हे मागणीपत्रात विचारले पाहिजे. प्रिंटरसाठी कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देण्याची पद्धत क्रमाक्रमाने मागे घेण्याचा मनोदय मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केला, तो याच सर्वमान्य भाषेच्या भरवशावर. थोड्या अधिक किमतीचा असा प्रिंटर पुढील दोन स्थित्यंतरे निभावून नेतो.

विंडोज ११ ज्यावर चालत नाही, अशा संगणकांचाही विचार हवा. या प्रणालीस टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती लागते आणि साधारणतः २०१७-१८ पूर्वीचे प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. असे संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्स बसवून पाहण्यास हरकत नसावी. सी-डॅकची बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. लिनक्समध्ये बहुसंख्य ड्रायव्हर मूळ गाभ्यातच सामावलेले असल्याने जुनी यंत्रे पुष्कळदा शोधाशिवायच ओळखली जातात. शाळेतील अभ्यासासाठी, टंकलेखनासाठी, ग्रंथालयातील नोंदींसाठी असा संगणक आणखी काही वर्षे उपयोगी पडेल. ठशांचे यंत्र आणि स्वाक्षरीचे टोकन यांच्यासाठी मात्र लिनक्सचा पर्याय त्या त्या कंपनीकडे तपासूनच निर्णय घ्यावा.

आधी नोंदवही, मग बदल

या सर्व विवेचनाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे: ड्रायव्हरचा शोध कार्यप्रणाली बदलल्यानंतर घ्यावयाचा नसून बदलण्यापूर्वी घ्यावयाचा आहे.

शेतकरी पेरणीच्या दिवशी बियाणे शोधत नाही. त्याचप्रमाणे प्रत्येक केंद्राने व कार्यालयाने बदलापूर्वी एक साधी नोंदवही करावी. तीत प्रत्येक उपकरणाचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक, हार्डवेअर आयडी आणि नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर मिळाला किंवा नाही, एवढे पाच रकाने पुरेत. मिळालेले ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर, प्रत्येक उपकरणासाठी वेगळा फोल्डर करून ठेवावेत. चालू संगणकातील ड्रायव्हरांची प्रतही काढून ठेवता येते. विंडोज १० व ११ मध्ये पीएनपीयुटिल नावाची आज्ञा मुळातच असून तिच्या ‘एक्स्पोर्ट ड्रायव्हर’ या पर्यायाने बाहेरून बसविलेले सारे ड्रायव्हर एका फोल्डरात उतरतात. ज्या उपकरणापुढचा रकाना रिकामा राहील, त्याची बदली होईपर्यंत तो संगणक बदलण्याची घाई करू नये. केंद्रात दोन संगणक असतील तर एक आधी बदलावा, आठवडाभर सर्व कामे त्यावर करून पाहावीत आणि मगच दुसऱ्याला हात लावावा.

जुन्या प्रणालीवरूनच थेट उन्नयन केले असेल आणि अडचण आली, तर विंडोजच्या ‘रिकव्हरी’ या भागातून मागील प्रणालीकडे परत जाता येते. परंतु त्यासाठी सामान्यतः केवळ दहा दिवस मिळतात. म्हणून प्रत्येक उपकरणाची चाचणी पहिल्या दहा दिवसांतच पूर्ण झाली पाहिजे. प्रिंटर चालला म्हणून निश्चिंत राहावे आणि स्कॅनरची आठवण अकराव्या दिवशी व्हावी, असे होऊ नये.

वेळेची निवडही विवेकाने करावी. खरीप पीक विम्याचे अर्ज जुलैअखेरीस एकदम वाढतात. शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की दाखल्यांसाठी झुंबड उडते. हे दिवस संगणक बदलण्याचे नव्हेत. कामाचा भार हलका असेल असे दिवस निवडले तर चुकीलाही वाव राहतो आणि ती दुरुस्त करण्यालाही.

एका केंद्राने केलेली नोंदवही दुसऱ्याच्याही उपयोगी पडते. एकाच तालुक्यातील केंद्रांत बहुधा तीच दोन-चार मॉडेलची यंत्रे असतात. पुसदच्या केंद्रचालकाने एका स्कॅनरचा खरा ड्रायव्हर परीक्षा करून मिळविला, तर उमरखेड आणि महागावच्या केंद्रचालकांनी तोच शोध शून्यापासून करावा, याला अर्थ नाही. तालुका पातळीवर अशा नोंदी आणि तपासलेले ड्रायव्हर एकत्र ठेवण्याची व्यवस्था करण्यास फार मोठा खर्च लागत नाही. हवी ती थोडी शिस्त आणि परस्परांचे सहकार्य.

सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा आता नागरिकाचा कायदेशीर हक्क आहे. ‘ड्रायव्हर नाही’ हे उत्तर त्या हक्काच्या आड येता कामा नये, कारण रांगेत उभ्या असलेल्या माणसाने संगणक निवडला नव्हता, कार्यप्रणालीही बदलली नव्हती. त्याला अंगठा लावून, कागद घेऊन, दिवस मावळण्यापूर्वी आपल्या शेताकडे परतावयाचे असते. नोंदवहीतील पाच रकाने वेळेवर भरले गेले तर ते सहज शक्य आहे.